अंगणातील दगडी फरशी: ओल, पांढरा थर, डाग आणि सीलर

पागोळी

सर्वांना नमस्कार. नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातील आमच्या घराभोवती तीन प्रकारचा दगड बसवलेला आहे. फाटकापासून पोर्चपर्यंत टाकी मारलेल्या काळ्या दगडाच्या लाद्या आहेत, मागच्या अंगणात व धुण्याच्या जागेवर शहाबादी फरशी आहे आणि दारासमोरच्या पायऱ्या धोलपूरच्या दगडाच्या आहेत. यंदाचा पावसाळा सरल्यावर या तिन्हींची अवस्था पाहून काळजी वाटू लागली आहे. मागच्या भिंतीलगतच्या शहाबादीवर पांढरा थर येतो, तो खराट्याने घासला की जातो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा दिसू लागतो. उत्तरेच्या बाजूला शेवाळ इतके धरते की सासूबाईंना तिकडे एकट्याने जाऊ देण्याची भीती वाटते. तुळशीवृंदावनाभोवती पणत्यांच्या तेलाचे काळपट डाग आहेत, कुंड्यांच्या लोखंडी स्टँडखाली गंजाची वर्तुळे उमटली आहेत आणि पायऱ्यांवर शेजारच्या जांभळाचे डाग जूनपासून तसेच आहेत.

एका ठेकेदाराने असा सल्ला दिला आहे की, आधी सगळे अंगण अ‍ॅसिडने धुऊन काढावे आणि मग त्यावर चकाकणाऱ्या लॅकरचे दोन हात द्यावेत, म्हणजे पाणी आणि डाग दोन्हींचा प्रश्न कायमचा मिटेल. काम दिवाळीआधी उरकावे असा त्यांचा आग्रह आहे. होकार देण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले, म्हणून हा धागा काढला आहे.

ओळंबा

पागोळीताई, अ‍ॅसिडला आजच नकार कळवा. बाकीची चर्चा सावकाश करता येईल, पण एकदा अ‍ॅसिड पडलेला शहाबादी दगड पूर्ववत होत नाही.

बांधकामाच्या क्षेत्रात काम करताना अंगणांच्या बहुतेक तक्रारींत मला एकच गोष्ट दिसते. लोक दगडावर काय लावायचे हे आधी विचारतात आणि पाणी कुठून येते हे शेवटी विचारतात. आपल्या भिंतीलगतचा पांढरा थर हा वरून पडलेल्या पाण्याचा डाग नसून खालून वर आलेल्या पाण्याची खूण असण्याचा संभव अधिक आहे. फरशीखालच्या सिमेंटच्या मालात मोकळा चुना असतो. ओल वर येताना तो चुना आणि इतर क्षार आपल्यात विरघळवून घेते, पृष्ठभागावर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. चुन्याचा हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग झाला की तोच थर घट्ट बसतो आणि मग साध्या पाण्याने निघत नाही. अशा फरशीवर लॅकरचा पापुद्रा चढवला, तर खालची ओल थांबत नाही, ती पापुद्र्याखाली अडकते. मग लॅकर आधी दुधाळ होते, पुढे त्याला फोड येतात आणि शेवटी ते तुकड्यातुकड्यांनी सुटते. ते खरवडून काढणे हे मूळ कामापेक्षा कितीतरी जिकिरीचे असते.

एक साधी परीक्षा करून पाहा. पाऊस नसलेल्या दिवशी जाड पॉलिथिनचा दोन फूट लांब-रुंद तुकडा कोरड्या दिसणाऱ्या फरशीवर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करा आणि २४ तास तसाच राहू द्या. एक तुकडा भिंतीलगत आणि एक अंगणाच्या मध्यभागी लावा. काढताना आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमलेले असतील किंवा दगड गडद झालेला असेल, तर ओल खालून येत आहे. निष्कर्ष इथे कळवा.

सातपूरकर

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आमच्या पोर्चमधील दगडावर आम्ही चकाकणारे अ‍ॅक्रिलिक कोटिंग केले आहे आणि ते अजून उत्तम स्थितीत आहे. गाडीच्या तेलाचे थेंब नुसत्या फडक्याने पुसले जातात. त्यामुळे सरसकट विरोध करणे योग्य वाटत नाही.

ओळंबा

आपला पोर्च छताखाली आहे, त्याला पाऊस आणि दुपारचे ऊन दोन्ही लागत नाही आणि बहुधा खालचा कोबाही कोरडा असणार. तिथे असे कोटिंग टिकते, हे मला मान्य आहे. उघड्या अंगणात मात्र उन्हाने ते पिवळे पडू शकते आणि पावसात त्यावरून पाय घसरतो. घरात वयस्कर माणसे असताना केवळ या एका कारणासाठी मी पायऱ्यांवर चकाकी आणू देणार नाही.

मूलद्रव्य

अ‍ॅसिडविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे फरशी बसवून झाली की ती अ‍ॅसिडने धुण्याची पद्धत इतकी रुळली आहे की तिच्याविषयी कोणी प्रश्नच विचारत नाही.

शहाबादी फरशी कर्नाटकातील कलबुर्गी भागातून येते, कोटा राजस्थानातून, तांदूर तेलंगणातून आणि काळा कडप्पा आंध्रातून येतो. हे चारही चुनखडीचे दगड आहेत, म्हणजे त्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट आहे. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पडताच जो फेस येतो, तो मळ निघाल्याचा नसून खुद्द दगड विरघळत असल्याचा आहे. वरचा घट्ट भाग गेला की छिद्रे उघडी पडतात आणि पुढचा प्रत्येक डाग अधिक खोल जातो. शिवाय या क्रियेत कॅल्शियम क्लोराइड तयार होते. हा क्षार हवेतील दमट वाफ ओढून घेतो, म्हणून नीट न धुतलेल्या सांध्यांजवळचा दगड कोरड्या दिवशीही ओलसर दिसत राहतो. लिंबू, चिंच, कोकम आणि व्हिनेगर यांनीही हेच घडते, फक्त सावकाश. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, कोणताही सीलर, म्हणजे पाणी-डाग मुरू नयेत म्हणून लावायचे द्रव्य, दगडाला आम्लापासून पूर्णपणे वाचवू शकत नाही. सीलर डाग मुरण्याचा वेग कमी करतो. आम्लाने पडलेला पांढुरका चट्टा हा डाग नसून झीज आहे, आणि ती केवळ पुन्हा घासून पॉलिश केल्यानेच जाते.

काळा दगड चुनखडीचा नाही, म्हणून त्याला अ‍ॅसिड चालते असे अनेकांना वाटते. तेही खरे नाही. हा दगड म्हणजे बेसॉल्ट, आणि त्यात लोहयुक्त खनिजे भरपूर असतात. अ‍ॅसिडने ती उघडी पडतात आणि पुढच्या पावसात काळ्या लादीवर तांबूस छटा दिसू लागते.

आता सीलरविषयी. बाजारात साधारण दोन जातीचे सीलर मिळतात. एक जात पृष्ठभागावर पापुद्रा धरते. अ‍ॅक्रिलिक, पॉलियुरेथेन आणि इपॉक्सी यांचा समावेश त्यात होतो. दुसरी जात दगडात मुरते आणि छिद्रांच्या भिंतींना आतून अस्तर लावते. सिलेन व सिलॉक्सेन या वर्गात येतात. यात छिद्रे बुजत नाहीत. पाण्याचा थेंब अळवाच्या पानावर राहावा तसा वर राहतो, पण आतली वाफ बाहेर पडू शकते. उघड्या अंगणासाठी हीच जात योग्य आहे. सिलेनचे रेणू सिलिकायुक्त दगडाशी रासायनिक बंध जोडतात, त्यामुळे धोलपूरसारखा वालुकाश्म, ग्रॅनाइट आणि बेसॉल्ट यांवर त्याचा परिणाम चांगला टिकतो. चुनखडीत असे बंध फारसे जुळत नाहीत, म्हणून शहाबादीसाठी घेताना डब्यावर चुनखडी किंवा संगमरवर यांचा स्पष्ट उल्लेख असलेलाच सीलर घ्यावा. तेलाचे डाग रोखायचे असतील, तर त्यात फ्लोरोपॉलिमर असणे आवश्यक आहे. साधे सिलेन पाणी अडवते, तेल अडवत नाही.

टाकी-छिन्नी

दगडाच्या कामात आमच्या घरातली ही तिसरी पिढी आहे, म्हणून काळ्या दगडाबद्दल दोन शब्द लिहितो.

हा आपल्या सह्याद्रीचाच दगड आहे. पांडवलेणी त्याच्यातच कोरलेली आहेत. पंचवटीतील काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस याच दगडात उभे राहिले आणि त्याचा दगड रामशेजच्या बाजूने आणल्याचे सांगतात. इतकी वर्षे ऊन-पाऊस सोसून तो उभा आहे, याचे एक कारण दगडाचा घट्टपणा आणि दुसरे कारण पाणी कुठेही साचू न देणारी घडण. पण सगळा काळा दगड सारखा नसतो. लादीवर पाणी ओतून निरखून पाहा. काही लाद्यांत बारीक बारीक भोके आणि त्यांत पांढरे किंवा हिरवट खडे दिसतील. अशी लादी जास्त पाणी पिते. एकजीव, ठोकल्यावर खणखणीत वाजणारी लादी जवळजवळ काहीच पीत नाही आणि तिला सीलर लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. टाकी मारलेल्या पृष्ठभागावर खळग्यांत धूळ बसते आणि शेवाळ त्या धुळीवर वाढते, दगडावर नव्हे. त्यामुळे पावसाळ्याआधी कडक ब्रशने खळगे साफ केले, तरी निम्मे काम होते.

काळ्या दगडाला काळेपणा यावा म्हणून काही जण जवसाचे तेल किंवा खोबरेल चोळतात. घरातल्या पाट्या-वरवंट्याची गोष्ट वेगळी. अंगणात तेल चिकट होते, त्यावर धूळ बसते आणि पुढे सीलर आत मुरत नाही.

फरशीपेक्षा दरजा आधी बघा. सांध्यातला माल सुटला असेल, तर वर कितीही महाग औषध लावले तरी पाणी तिथूनच खाली जाईल.

पंचवटीचा वाडा

शहाबादी फरशी थरांची बनलेली असते, हेही ध्यानात घ्यावे. आमच्या वाड्याच्या चौकात पागोळ्यांच्या रेषेत, म्हणजे जिथे कौलांवरचे पाणी नेमके पडते त्या पट्ट्यात, फरशीचे पापुद्रे सुटले आहेत. चौकातली उरलेली फरशी त्याच काळातली असून ती अजून गुळगुळीत आहे. जोराच्या पाण्याने धुणारे यंत्र आणले, तेव्हा हे पापुद्रे अधिकच उचलले गेले. आता आम्ही पन्हळ लावून पाणी बाजूला घेतले आहे आणि धुण्यासाठी साधी नळी व नारळाच्या काथ्याचा ब्रश वापरतो. त्यानंतर नवे पापुद्रे सुटलेले नाहीत, आणि तिथे कोणतेही रसायन लावलेले नाही.

पागोळी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ठेकेदारांना नकार कळवला आहे.

पॉलिथिनची परीक्षा केली. भिंतीलगतच्या तुकड्याखाली स्पष्ट थेंब जमले होते आणि फरशी गडद झाली होती. मध्यभागी काहीही आढळले नाही. नंतर लक्षात आले की, गच्चीवरून येणारा पावसाचा पाइप याच भिंतीपाशी फरशीच्या वर मोकळा सोडलेला आहे, आणि कपडे धुतल्यावरचे पाणीही तिकडेच वाहते. धुण्याला बोअरचे पाणी वापरतो. पायऱ्यांवर चमचाभर पाणी टाकून पाहिले, तर पाहता पाहता दगडाने ते पिऊन टाकले. काळ्या लाद्यांपैकी बहुतेकींवर ते तसेच राहिले.

ओळंबा

म्हणजे आपल्या अंगणाचे निदान आपणच केलेत. आता क्रम सांगतो.

सर्वांत आधी गच्चीचा पाइप. तो बंद नळीने थेट गटारात किंवा, त्याहून चांगले म्हणजे, बोअरच्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात न्यावा. दुसरी गोष्ट उतार. दगडी अंगणाला घरापासून बाहेरच्या दिशेने दर मीटरला १० ते १५ मिलिमीटर उतार हवा, आणि टाकी मारलेल्या खडबडीत दगडाला त्यातला वरचा आकडा धरावा. भिंतीलगतची फरशी भिंतीकडेच कलली असेल, तर तेवढ्या दोन-तीन ओळी उचलून नव्याने बसवण्यास कचरू नका. उचलल्यावर खाली नुसती माती आढळली, तर मुरूम नीट धुम्मस करून त्यावर कोबा घ्या. तिसरी गोष्ट सांधे. सैल माल उकरून, सांधे पाण्याने धुऊन पुन्हा भरा आणि ते आठवडाभर ओले ठेवा.

यानंतर पांढरा थर. तो आधी कोरडाच घासून गोळा करून फेकायचा. ओला करून घासला की क्षार विरघळून पुन्हा दगडात शिरतात आणि थर परत दिसू लागतो. बोअरच्या पाण्यातील क्षारही त्यात भर घालतात, तेव्हा शेवटची धुलाई शक्यतो नळाच्या पाण्याने करावी.

एवढे झाल्यावर फरशीला पूर्ण वाळू द्यायचे आणि पॉलिथिनची परीक्षा पुन्हा घ्यायची. ती कोरडी निघेपर्यंत सीलरचा डबा उघडायचा नाही. नवीन सिमेंटच्या कामाला किमान महिनाभर तरी द्यावाच लागतो.

मूलद्रव्य

डागांसाठी लेप हा उत्तम उपाय आहे, कारण घासल्याने डाग पसरतो आणि लेप त्याला वर ओढून घेतो. पांढऱ्या खडूची बारीक पूड किंवा टाल्कम पावडर घ्यावी. मुलतानी माती टाळावी, कारण तिच्यात लोह असल्यास तिचाच डाग पडतो. तेलाच्या डागासाठी ती पूड अ‍ॅसिटोनमध्ये आणि जांभळाच्या किंवा पानांच्या डागासाठी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कालवून घट्ट लेप करावा. बोटाच्या पेराएवढा जाड थर डागाच्या थोडा बाहेरपर्यंत द्यावा, वर पॉलिथिन झाकून कडा चिकटवाव्यात आणि एक दिवसानंतर पॉलिथिन काढून लेप आपोआप वाळू द्यावा. वाळताना तो द्रवाबरोबर डागही वर खेचतो. मग लाकडी पट्टीने खरवडून पाण्याने धुवावे. जुन्या तेलाला एकाहून अधिक वेळा लेप लावावा लागतो. अ‍ॅसिटोन पटकन पेट घेते, म्हणून त्या दिवशी वृंदावनात दिवा लावू नये आणि तुळशीची माती झाकून ठेवावी. काळ्या दगडावर पेरॉक्साइड वापरण्याआधी कोपऱ्यात छोटी परीक्षा घ्यावी.

हळदीचा डाग साबणाने धुऊ नये. साबणातील अल्कलीमुळे हळद लाल होते, हे आपण कपड्यांवर नेहमी पाहतो. नुसत्या पाण्याने धुऊन तो भाग उन्हात राहू द्यावा. हळदीचा रंग सूर्यप्रकाशात स्वतःच विटतो.

गंज हा यातला सर्वांत चिवट डाग आहे. बाजारातील बहुतेक गंजनाशके आम्लयुक्त असतात, त्यामुळे ती शहाबादीवर वापरता येत नाहीत. तिथे डाग पुसट होईल एवढीच अपेक्षा ठेवावी आणि स्टँडच्या पायांना रबरी बूट घालून पुढचा डाग टाळावा.

शेवाळासाठी ब्लीचचे पातळ द्रावण चालते, पण ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसांना घातक असतो. एका उत्पादनाचा डबा संपला म्हणून लगेच दुसरे ओतण्याची सवय अनेकांना असते, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

द्राक्षबाग

आमच्या शेतघराच्या ओट्यावर बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक) कालवले जाते. त्यातल्या मोरचुदाचे निळसर-हिरवे डाग फरशीत असे बसले आहेत की काही केल्या जात नाहीत. फेरस सल्फेट सांडले, तर दुसऱ्याच दिवशी तांबूस ठिपके उमटतात. ज्यांच्या अंगणात फवारणीची तयारी होते किंवा कुंड्यांना लोहयुक्त खत दिले जाते, त्यांनी त्यासाठी वेगळी जागा ठेवावी आणि खाली जाड ताडपत्री अंथरावी. खताच्या कुंडीखाली बशी ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

सातपूरकर

एक प्रश्न आहे. फरशी बसवण्याआधीच सगळ्या बाजूंनी सीलर लावून घेतला, तर खालून येणारी ओलही थांबेल ना? आमच्याकडे मागच्या अंगणाचे काम व्हायचे आहे.

टाकी-छिन्नी

वरची बाजू आणि कडा आधी सीलर लावून घेणे चांगले, विशेषतः धोलपूरसारख्या पाणी पिणाऱ्या दगडाला. बसवताना सिमेंटचे पाणी दगडात चढून जी कडेची गडद चौकट उमटते, ती त्यामुळे टळते. पाठीला मात्र विचार करून लावावा. पाणी झटकणाऱ्या पाठीला साधा सिमेंटचा माल धरत नाही आणि लादी काही काळाने पोकळ वाजू लागते. पाठीला लावायचाच असेल, तर त्या सीलरवर चिकटणारा अ‍ॅडहेसिव्ह कोणता, हे उत्पादकाकडून लेखी घ्या.

पागोळी

मला आता एवढेच ठरवायचे आहे की सीलर नेमका कुठे आणि केव्हा लावावा. काळ्या लाद्यांना लावू नये, हे समजले. पायऱ्यांना लावावा, हेही समजले. शहाबादीचे काय करावे?

ओळंबा

माझ्या मते मागच्या अंगणाच्या मध्यभागी आणि वृंदावनाभोवती लावावा, कारण तो भाग कोरडा आहे आणि तिथे तेल व कुंकू सांडते. भिंतीलगतचा पट्टा पुढचा एक पूर्ण पावसाळा तसाच राहू द्यावा. पाइप हलवल्यानंतर तिथला थर येणे थांबते की नाही, हे पाहूनच त्याचा निर्णय घ्यावा. काळ्या लाद्यांपैकी ज्या भोके असलेल्या आणि पाणी पिणाऱ्या निघतील, त्यांना खडूने खूण करून फक्त त्यांनाच लावला तरी पुरे, मात्र रंगात फरक पडतो का ते एका लादीवर आधी पाहावे.

दिवाळीआधीची घाई करू नका. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस असतो आणि दुपारी दगड तापतो. तापलेल्या दगडावर सीलर मुरण्याआधीच उडून जातो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, परंतु पहाटे दव पडते, म्हणून सकाळी दहानंतर दव पूर्ण सुकल्यावर काम सुरू करावे आणि उन्हे उतरण्याआधी आटोपावे. त्याआधी अवकाळी पावसाचा अंदाज पाहावा, पुढचे दोन दिवस तरी कोरडे हवेत. आधी कोपऱ्यातल्या एका फरशीवर लावून रंग गडद होतो का ते पाहावे. सीलर रोलरने सारखा पसरावा आणि दहा-पंधरा मिनिटांनी वर राहिलेला अंश कोरड्या सुती कापडाने पुसून घ्यावा. तो तसाच वाळला, तर चिकट, ढगाळ पट्टे उमटतात आणि अशा तक्रारींचे सर्वांत मोठे कारण हेच असते. दुसरा हात देण्याविषयी डब्यावर जे लिहिले असेल, ते पाळावे.

पुढे दरवर्षी मे महिन्यात पायऱ्यांवर चमचाभर पाणी टाकून पाहा. दहा मिनिटांनी दगड गडद झाला, तर नवा हात देण्याची वेळ आली असे समजावे. थेंब तसाच राहिला, तर त्या वर्षी काहीही करू नये. पायऱ्यांच्या कडा जास्त झिजतात, त्यामुळे परीक्षा मधोमध न घेता जिथे पाऊल पडते तिथे घ्यावी.

पागोळी

पाइपचे काम याच आठवड्यात प्लंबरकडे सोपवत आहे. फरशीच्या ओळी उचलल्यावर खाली काय निघाले, ते छायाचित्रांसह याच धाग्यावर टाकीन.